बोंबलाचाच वास

"वास येतोय," हेमा म्हणाली.

पोलादपूर सोडलं की घाट लागायच्या आधी रस्त्याकडेला एक मोठा आंबा आहे आणि त्याच्याखाली चहाची टपरी. तिथं मी गाडी लावली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. पाण्याची बाटली काढायला हेमानं मागचं दार उघडलं आणि ती तशीच दारात उभी राहिली.

"कसला वास?"

"गॅसचा."

मी हसलो. हसणार नाही तर काय करणार? मिरजेत एका गॅस एजन्सीत मी चौतीस वर्षं मेकॅनिक होतो. बायका एजन्सीत फोन करून सांगायच्या, दुसऱ्या कुणाला नको, तोडकरांनाच पाठवा, ते दारातनंच सांगतात कुठनं गळतंय ते. आणि खरंच सांगायचो हो! उंबऱ्यावर उभा राहून एकदा नाक ओढलं की, "शेगडीचं डावं बटण बघा," म्हणायचो आणि तिथंच निघायचं. अख्ख्या गावात माझ्यापेक्षा माझ्या नाकाची ओळख जास्त. आणि आमची बायको मला सांगते, गॅसचा वास येतोय!

मी आत डोकं घातलं, डोळे मिटले, चांगले दोन लांब श्वास ओढले.

"गॅसबिस काही नाही," मी म्हणालो. "बोंबलाचाच वास आहे."

तिचा चेहरा उतरला. का उतरला, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

हेमा मुरूडकडची, कोळीवाड्यातली, चोगल्यांची लेक. नर्सिंग शिकायला मिरजेत आली होती. त्यांच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी शेगडी जोडायला गेलो आणि जे काय व्हायचं ते झालं. आम्ही लिंगायत. आईनं महिनाभर अबोला धरला, मग एका अटीवर मान हलवली: मासळी उंबऱ्याच्या आत येणार नाही. हेमा 'बरं' म्हणाली. आई गेली, तिच्यामागं अट तशीच राहिली, कारण मलाच तो वास सहन व्हायचा नाही. सासुरवाडीला गेलो तरी अंगणात बोंबील वाळत असले की मी नाकाला रुमाल लावून मागल्या दारानं आत जायचो. सासूबाई हसायच्या. "जावई आले वाटतं, मागचं दार वाजलं," म्हणायच्या. तेहतीस वर्षं हेमानं माझ्या घरात सुकटीची शेपटीसुद्धा आणली नाही. माहेरी जाईल तेव्हाच काय ते खाऊन यायची.

निवृत्त झालो आणि एका शाळेची जुनी ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढल्या, सुताराकडनं पलंग करून घेतला, छोटा ओटा केला, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी. गॅसचं काम अर्थात मी स्वतः केलं. पाच किलोची टाकी मागं पलंगाखालच्या खणात, मधे पत्र्याची आडभिंत, पत्र्याला भोक पाडून नळी ओट्यापर्यंत आणलेली. सुतार बघत राहिला होता. एके दिवशी गाडी पुसता पुसता मी हेमाला म्हणालो, "हे बघ, गाडी म्हणजे काही घर नव्हे. गाडीत तुला काय शिजवायचं ते शिजव. मासळी शिजव."

ती कणीक मळत होती. हात थांबले. "खरंच?" म्हणाली, आणि कणकेच्याच हातानं डोळे पुसले. गालाला कणीक लागली ती तिला संध्याकाळपर्यंत कळली नाही.

त्याच वर्षी श्रावणात सासूबाई गेल्या. दिवाळी झाल्यावर आम्ही गाडी घेऊन पहिल्यांदा मुरूडला गेलो. निघताना हेमाच्या भावानं माळ्यावरनं एक पुडी काढून दिली. "आईनं वाळवलेले शेवटचे आहेत. तुझ्या नावानं ठेवले होते," म्हणाला. हेमानं ती पुडी आईच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि गाडीत ओट्याखाली ठेवली. सकाळी निघताना तिनं ठरवून टाकलं होतं: महाबळेश्वरला मुक्काम, तिथं गाडीत भात आणि बोंबलाचं कालवण. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासोबत बसून.

तर ती ही पुडी. आणि मी म्हणालो, बोंबलाचाच वास आहे.

"आईनं कडक उन्हात वाळवलेत," हेमा म्हणाली. "चांगल्या वाळलेल्या बोंबलाला असा सडका वास येत नसतो. वाटल्यास पुडी हुंगून बघा."

"मला शिकवतेस? मला?"

"शिकवत नाही. एकदा साबणाचं पाणी लावून बघा म्हणतेय."

"मी जोडलंय ते! माझ्या हातची जोडणी चौतीस वर्षांत गळली नाही. गाडीभर घमघमाट सुटलाय, माझं डोकं उठलंय, आणि अजून अख्खा घाट चढायचाय."

"तुम्हीच म्हणाला होता, गाडी घर नव्हे."

"म्हणालो होतो. चुकलं माझं!"

एवढं तोडून बोलायचं काही कारण नव्हतं. पण तोंडातनं गेलं ते गेलं. हेमानं ओट्याखालनं पुडी काढली, सरळ टपरीवाल्या बाईकडं गेली. ती बाई साधारण आमच्याच वयाची, मालन तिचं नाव. ते आम्हाला नंतर कळलं.

"मासळी खाता ना?"

"खातो की. का वो?"

"हे घ्या."

मालननं गाठ सोडली, पुडी नाकाशी नेली. "आई गं! काय बोंबील हायेत! कुठले?"

"मुरूडचे."

"काय द्यायचं?"

"काही नको," हेमा म्हणाली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. "चला."

घाटात हेमा गप्प बसली असं कधी झालेलं नाही. प्रत्येक वळणाला तिचं काहीतरी असतं: माकड बघा, दरड बघा, त्या ट्रकवाल्याला आधी जाऊ द्या. त्या दिवशी तिनं काच खाली केली, तोंड बाहेर काढलं आणि दरीकडं बघत बसली. मी दोनदा खाकरलो, एकदा उगाचच, "हवा बरीय नाही?" म्हणालो. मनात म्हटलं, तोडकर, जरा जास्तच झालं. कुठंतरी थांबू, आलं घालून चहा करून देऊ, म्हणजे पाघळेल.

अर्ध्या घाटात रस्त्याला लागून सपाट जागा आहे, कठडा आहे. तिथं थांबलो.

"तू बस. चहा मी करतो," म्हणालो, आणि मागनं आत चढलो. दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवलं. लायटर घेतला.

"थांबा." हेमा दारात आली होती. "वास अजून आहे. जास्तच झालाय."

"जायला वेळ लागतो गं. सुक्या मासळीचा वास म्हणजे चार दिवस—"

"लायटर खाली ठेवा."

"अगं, चहाच करतोय ना तुझ्यासाठी?" मी बटणाला हात घातला. अंगठा लायटरवर होता. आता हे सांगतानाही माझा अंगठा गार पडतो.

हेमा एका ढांगेत आत चढली आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

"प्रभाकर!" ती म्हणाली.

तेहतीस वर्षांत तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. 'अहो', 'ऐकलं का', फार तर रागात 'तोडकर'. ते 'प्रभाकर' ऐकलं आणि माझी मूठ आपोआप सुटली. लायटर तिनं काढून घेतला.

"खाली उतरा."

उतरलो. मग मी गावातल्या हजारो बायकांना जे सांगत आलो, ते सगळं माझ्या बायकोनं एकेक करून केलं. पलंगाची फळी उचलून रेग्युलेटर बंद केला. तो चालूच होता, कारण फळी उचलायचा कंटाळा म्हणून मी रोज नुसती शेगडीची बटणं बंद करायचो. लोकांच्या घरी याच गोष्टीवरनं मी बायकांना केवढा रागवायचो! दोन्ही दारं उघडली, सगळ्या काचा सरकवल्या, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. मग आम्ही लांब कठड्यावर अर्धा तास बसून राहिलो. दोघांच्या मधे आणखी एक माणूस मावला असता एवढी जागा होती.

अर्ध्या तासानं ती उठली. माझा दाढीचा मग आणि ब्रश घेतला, साबणाचा फेस केला, रेग्युलेटर चालू केला आणि कामाला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो. रेग्युलेटरच्या सांध्याला फेस लावला, काही नाही. शेगडीच्या नळीला लावला, काही नाही. दोन्ही बटणं, काही नाही.

"बघ," मी म्हणालो. अजून माझी खोड जात नव्हती बघा.

तिनं बोटांनी नळी चाचपत आणली, ती पत्र्याच्या भोकापाशी थांबली.

"हे भोक तुम्हीच पाडलंत ना?"

"मीच."

"कडेला रबर का नाही घातलं?"

घालायचं राहिलं होतं. नंतर घालू म्हणालो होतो. पत्र्याची कड उघडी, गाडी मिरजेपासून मुरूडपर्यंत हादरत गेली आणि परत निघाली, नळी त्या कडेवर घासत राहिली. हेमानं तिथं ब्रश टेकवला आणि आमटीला उकळी फुटावी तसे बुडबुडे आले. एकामागनं एक, थांबेचनात.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! त्या नळीशेजारी, मागच्या सगळ्या काचा लावून, मी लायटर हातात घेऊन उभा होतो. हेमानं मनगट धरलं नसतं तर हे सांगायला मी नसतो, आणि मला त्याचंही काही वाटत नाही, पण तीही दारातच उभी होती.

"बंद कर," मी म्हणालो. "आता मी करतो."

नळीला मधे जोड द्यायचा नसतो. घासलेल्या जागेपासनं नळी कापून टाकली, चांगला तेवढा तुकडा घेतला. त्याला लांबी पुरेना, म्हणून टाकीच खणातनं काढून ओट्याशेजारी उभी केली, सामानाच्या पट्ट्यानं आवळून बांधली, म्हणजे नळी पत्र्यातनं जायलाच नको. दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. फेस लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. हेमा बाहेरनं बघत होती.

"झालं?"

"झालं. एक बुडबुडा नाही."

"चला मग."

एवढंच. 'बघा, मी म्हणत होते' नाही, टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मी रेग्युलेटर बंद केला, दारं लावली, गाडी सुरू केली आणि तोंड खाली वळवलं.

"महाबळेश्वर वर आहे," हेमा म्हणाली.

"माहितीय."

आंब्याखाली पोचलो तेव्हा मालन चुलीपुढं बसून जेवायच्या तयारीत होती. निखाऱ्यावर दोन बोंबील तडतडत होते. पुडी खांबाच्या खिळ्याला टांगलेली.

"आनखी आनलेत व्हय?" ती हसून म्हणाली.

मी हात जोडले. "बाई, ती पुडी परत पाहिजे. चूक माझी आहे. तिच्या आईच्या हातचे शेवटचे आहेत ते."

मालननं माझ्याकडं बघितलंच नाही. ती हेमाकडं बघत होती. "अगं माझे बाय, आनि अशी देऊन टाकलीस?" तिनं पुडी काढून हेमाच्या हातात दिली, वरनं तिचा हात दाबला. "दोनच भाजलेत हो. आता भाजलेत ते भाजलेत. बसा, भाकरी खावा आनि मग जावा."

बाकड्यावर बसलो. मालननं हेमाच्या हातावर भाकरी आणि भाजलेला बोंबील ठेवला. मला विचारलं, "तुमाला पिठलं करू?"

"मलाही तेच द्या," मी म्हणालो.

हेमानं मान वर केली. "तुम्ही?"

मी तुकडा मोडला, भाकरीबरोबर तोंडात घातला. चावला. खारट लागलं, एवढंच. हेमा घास हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"वास नाही आला?"

दोन वर्षं मी जे घशाखाली दाबून ठेवलं होतं ते तिथं, त्या बाकड्यावर बाहेर पडलं.

"हेमा, मला वासच येत नाही. कसलाच नाही. दोन वर्षांमागं तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून."

मालन पेले घेऊन नळाकडं गेली. शहाणी बाई.

"म्हणजे?" हेमा म्हणाली. "एजन्सी सोडलीत ती गुडघ्यांमुळं..."

"गुडघे ठणठणीत आहेत. नाक गेलेला गॅस मेकॅनिक म्हणजे काय गं? शेवटचे सहा महिने चोरून साबणाचं पाणी लावायचो आणि बाईसमोर येऊन नाक ओढायचो."

"आणि मी केलेल्या भाजीला 'काय वास सुटलाय' म्हणायचात ते?"

"अंदाजानं."

"आणि मघाशी काय हुंगलंत?"

"काहीच नाही. काही आलंच नाही. तू गॅस म्हणालीस, आणि मला कळेना... तोडकरला कळत नाही असं कसं म्हणायचं? बोंबील समोर होते. त्यांचं नाव घेतलं."

"नाक जाऊ दे," हेमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ताप कुणालाही येतो. पण वास न घेता माझ्या आईच्या बोंबलांवर आळ घेतलात."

"घेतला."

"आणि गाडीत शिजव म्हणालात, ते?"

इथं खोटं बोलता आलं असतं. तिचे ते कणकेचे गाल माझ्या डोळ्यांसमोर होते. वाटलं, तेवढं तरी राहू दे तिच्याकडं. पण त्या दिवशी खोट्यापायी काय झालं असतं ते मी नुकतंच बघितलं होतं.

"मला वास येणारच नव्हता," मी म्हणालो. "म्हणून म्हणालो."

निखारे फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता ही उठेल, मुरूडची एसटी धरेल. तिनं माझ्या भाकरीवरचा बोंबील उचलला, उभा चिरला, मधला काटा एका ओढीत काढला आणि तो पुन्हा माझ्या भाकरीवर ठेवला.

"काटा काढून खायचा असतो," म्हणाली. "घशात अडकेल."

मी खाली मान घालून खाल्ला. सगळा खाल्ला.

पुन्हा घाट चढायला लागलो. तीन-चार वळणांनंतर तिनं काच खाली केली आणि एकदम म्हणाली, "आता कुणीतरी गवत पेटवलंय. ओलं आहे, धूर जड आहे." मला आधी कळेना. पुढच्या वळणाला म्हणाली, "आता शेण. गुरं गेलीत इथनं." मग, "आता ट्रकचा ब्रेक तापलाय, त्या पुढच्या. अंतर ठेवा." महाबळेश्वरपर्यंत तिनं मला सगळा घाट सांगितला. मला रडू आलं. गाडी चालवताना डोळे पुसता येत नाहीत, तसाच चालवत राहिलो. तिनं बघितलं असणार. संध्याकाळी गाडीत बोंबलाचं कालवण झालं आणि मी दोनदा भात घेतला.

मिरजेला आल्यावर एजन्सीत जाऊन सांगून टाकलं, नाक गेलंय, यापुढं अडीअडचणीला मला कुणाच्या घरी पाठवू नका. नवी नळी आणली, खणाचं भोक कायमचं बुजवलं. आणि गाडीत आमचा नियम ठरला: हुंगायचं हेमानं, साबण लावायचा मी, आणि दोघांचं झाल्याशिवाय लायटरला हात नाही.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. त्या पुडीतला एक बोंबील हेमानं ठेवलाय, चहाच्या जुन्या डब्यात. गाडी कुठंही असो, सकाळी चहाच्या आधी ती डबा उघडून माझ्या नाकाखाली धरते.

"येतोय?"

"नाही."

"बरं," म्हणते आणि झाकण लावते. मीही आता खोटं बोलत नाही.

परवा आंबोलीला होतो. तिनं डबा धरला, मी नेहमीसारखं नाक ओढलं आणि थांबलो. पुन्हा ओढलं.

"हेमा," मी म्हणालो, "काहीतरी येतंय."

तिनं डबा माझ्या हातात कोंबला आणि आधी धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला! दारं उघडली, काचा उघडल्या, मला हाताला धरून खाली उतरवलं. अर्धा तास आम्ही धुक्यात कुडकुडत उभे. मग ती दाढीचा मग घेऊन आत गेली, रेग्युलेटर चालू केला, सांध्यासांध्याला फेस लावला. मी दारातनं बघत होतो. टाकीपाशी काही नाही. नळीला काही नाही. बटणांना काही नाही. तिनं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून लावून बघितलं. एक बुडबुडा नाही.

ब्रश हातात तसाच धरून ती माझ्याकडं वळली. मी अजून तो उघडा डबा छातीशी धरून उभा होतो. तिचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली.

"मग बोंबलाचाच वास आहे," हेमा म्हणाली.